वुलमरचा ठोका

ब्रॅमहोल्टच्या किल्ल्यात वुलमर आला होता तो विहीर खोल करायला. तीन आठवड्यांचं काम. तेवढ्यात किल्लेदार सर फुल्क यांना राजाशी वाकडं घ्यायची बुद्धी झाली, राजाची फौज येऊन बसली, दरवाजे बंद झाले आणि म्हातारा आत अडकला. मोठ्यांच्या भांडणात विहीरवाल्याला कोण विचारतो? आता तीन महिने होत आले होते. घोडे खाऊन झाले होते, आणि काल पातेल्यात काय शिजत होतं याची चौकशी कोणी केली नाही.

विहीर राहिली बाजूला. आता दक्षिण बुरुजाच्या तळघरात पाण्याची परात मांडून बसायचं, एवढंच त्याचं काम. बाहेरून कोणी खालून भुयार खणत असेल तर परातीतलं पाणी थरथरतं. मग कान लावून दिशा सांगायची. वैऱ्याची रीत ठरलेली, बुरुजाखाली पोकळी करायची, लाकडाचे टेकू द्यायचे, त्यांना डुकराची चरबी फासून आग लावायची, की बुरुज बसलाच. वुलमरचा जन्म डीनच्या जंगलात लोखंडाच्या खाणीत गेला होता. हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

त्या सकाळी पाणी थरथरलं. वुलमर आडवा झाला, जमिनीला कान लावला. तीन घाव, थोडा दम, मग कुदळीचं टोक सोडवायला एक हलका घाव. पुन्हा तीन. असं खणायला त्यानं जगात एकालाच शिकवलं होतं, आपल्या पोराला, हॅमनला.

"काय म्हाताऱ्या, लागतंय का कानाला काही?" शिपायांचा नाईक टर्स्टन जिना उतरत म्हणाला. त्याची तयारी झालेली होती. तळघरातून दहा हात आडवं भोक खणून ठेवलेलं, तोंडाशी पेंढा, गंधक आणि लोहाराचा भाता. शत्रूचं भुयार सापडलं की मधली माती फोडायची आणि आतल्यांना धुरानं मारायचं.

"डावीकडं आहे," वुलमर म्हणाला. "कोठाराच्या अंगाला. लांब आहे अजून."

"काल तर तुला काहीच ऐकू येत नव्हतं."

"काल पोटात काहीतरी होतं. रिकाम्या पोटी कान बरे चालतात."

"मग आम्हा सगळ्यांनाच बसव की परातीपाशी," टर्स्टन म्हणाला, आणि माणसं घेऊन कोठाराकडे गेला.

जंगलातले खाणवाले राजानं धरून आणले असणार, त्यात पोरगंही आलं. बा विहीर संपवून कधीच पुढच्या कामाला गेला, असंच त्याला वाटत असेल. नाहीतर तो इथं कुदळ मारता? त्याला परत पाठवायला हवं होतं, टर्स्टन फिरून यायच्या आत.

जंगलातल्या प्रत्येक खाणवाल्याचा आपला एक ठोका असतो. वुलमरचा दोन सावकाश, एक झटक्यात. तो हातोडा घेऊन त्या आडव्या भोकात शिरला आणि शेवटच्या भिंतीवर आपला ठोका दिला. मी वर आहे, पोरा. मागं फीर.

घाव थांबले. बराच वेळ काही नाही. म्हातारा देवाचं नाव घेऊन तिथंच रडला.

मग घाव पुन्हा सुरू झाले. आता तीन नाहीत, दम नाही, एकसारखे, आणि सरळ त्याच्या रोखानं.

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. बंद जमिनीतून ठोका आला की त्याचा अर्थ एकच, माणूस गाडला गेलाय. ऐकणाऱ्यानं हातातलं काम टाकून तिकडं खणायचं, मग तो वैरी का असेना. विहीर अंगावर कोसळून बा खाली अडकलाय, हेच पोरानं धरलं होतं. काय अवदसा आठवली मला, असं म्हणत वुलमरनं कपाळ बडवून घेतलं. त्यानं ठोकलं तर पोरगं जोरात खणे. थांबला तर त्याहून जोरात, कारण गाडलेला माणूस गप्प झाला की जास्त घाई करायची असते.

तो आवाज आता वरपर्यंत जात होता. टर्स्टन परत आला.

"हे डावीकडं का रे, थेरड्या?" एवढंच म्हणाला आणि पेंढा पुढं आणायला सांगितला.

मातीचं ढेकूळ आत पडलं. वीतभर भोक. त्यातून सोलवटलेला, चिखलानं भरलेला हात आला आणि त्यानं वुलमरचं मनगट पकडलं.

"बा, आलोय मी. घाबरू नको."

"पळ, हॅमन. शिपाई आहेत इथं. मी गाडलो नाही रे, पळ."

"बोलू नको. दम राखून ठेव. काढतो तुला."

गाडलेली माणसं वाट्टेल ते बरळतात, त्यांचं ऐकायचं नसतं. हेही पोराला वुलमरनंच शिकवलं होतं.

धूर पलीकडं जाऊ नये म्हणून वुलमरनं छाती भोकावर दाबून धरली. दोघा शिपायांनी पाय धरून त्याला मागं ओढलं. पलीकडून पोरगं जिवाच्या आकांतानं ओढत होतं. पेंढा पेटला, गंधकाचा पिवळा धूर उठला, भाता चालू झाला.

"घट्ट धर, बा," खोकत खोकत हॅमन म्हणाला. "सोडू नको."

वुलमर दुसऱ्या हातानं पोराची बोटं एकेक करून सोडवत होता, आणि ती सुटत नव्हती.