निळ्या मोत्याची नोंद

पहाटे बाळाला सासूजवळ ठेवून केंजेकान टेकडीवर जाऊन आली. निळ्या मोत्याच्या पाकळ्या गळायला लागल्या होत्या. परवा अख्खा उतार निळा होता. आज चार फुलांमागे एक उरलं होतं.

बोटभर उंचीचं हे फूल मे महिन्यात बारा-तेरा दिवस फुलतं, बी टाकतं आणि मुळासकट वाळून जातं. पुढच्या वर्षी पुन्हा बियांतून पहिल्यापासून सुरुवात. गावाच्या वरच्या उताराखेरीज ते कुठे कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि खडी काढणाऱ्यांना नेमका तोच उतार हवा होता. नष्ट होत चाललेल्या जातींच्या सरकारी लाल पुस्तकात फुलाचं नाव चढलं तर त्यांची यंत्रं खालीच थांबणार होती. त्यासाठी केंजेकान चार वर्षं राजधानीला पत्रं लिहीत होती. पहिली दोन शाळेत शिकवताना, पुढची पोटुशी असताना, शेवटची एका हाताने पाळणा हलवत. शेवटी तिथून एसेनकुल आला, वनस्पतींचा जाणकार. आला तो थेट तिच्या सासऱ्याच्या बैठकीवर बसला आणि दोन दिवस टेकडीकडे फिरकलाच नाही.

पहिल्या दिवशी सासऱ्याने, शामशिदीनने, मेंढा कापला. पाहुण्यापुढे मानाची मुंडी ठेवली. अकरा वर्षांनी राजधानीचा माणूस घरी आलेला, त्याला उपाशी डोंगरावर धाडलं तर गाव काय म्हणेल? दुसऱ्या दिवशी चुलत सासऱ्यांकडे जेवण, संध्याकाळी शेजाऱ्यांकडे. कुणाला नाही म्हणायची सोय नव्हती. केंजेकानने दोनदा हळूच विषय काढला. पाहुणा हसून म्हणाला, फूल काय पळून जातंय? सासऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिने मान खाली घातली. मनात मात्र म्हणाली, पळतंय. तुम्ही हाडं चोखताय आणि ते पळतंय.

आज तिसरा दिवस. दुपारी त्याला न्यायला गाडी येणार होती. दस्तरखानावर पाव, साय, जर्दाळू मांडून ती चहा ओतायला बसली, आणि पाहुण्याच्या गुडघ्यावरचा कागद तिला दिसला. फुलाचं नाव, गावाचं नाव, तारीख आजची. त्याखाली सुबक अक्षरात लिहिलं होतं: प्रत्यक्ष शोध घेतला. आढळले नाही. बहुधा नामशेष.

तिची कानशिलं तापली. आत बाळ कुरकुरलं, दूध भरून आलं, आणि त्या दुधासोबतच राग वर चढला.

इकडे चहा अर्धा पेलाच देतात. अर्धा म्हणजे बसा, पुन्हा मागा, आमचे हात राबू देत. भरलेला पेला म्हणजे उठा. असा पेला या घरात कुणी कुणाला दिला नव्हता, जमिनीवरून भांडायला आलेल्या मेव्हण्यालासुद्धा नाही. केंजेकानने किटली तिरकी केली आणि धार थांबवलीच नाही. चहा काठाला आला, बशीत सांडला. तिने पेला दोन्ही हातांनी, रीतसर, पाहुण्यापुढे धरला.

सासूच्या हातातला पाव तसाच राहिला. "एने, बाळाला घ्या जरा," केंजेकान तिला म्हणाली.

शामशिदीनने भरलेल्या पेल्याकडे पाहिलं. "सूनबाई, माझ्या घरात?"

"अता," ती सासऱ्याला म्हणाली, "मी नाक घासेन. तुम्ही सांगाल तितके दिवस. पण आधी तो कागद वाचा. आपलं मीठ खात लिहिलाय."

एसेनकुल घाईने कागद दुमडायला गेला. म्हाताऱ्याने नुसता हात पुढे केला. इतक्या पिकल्या दाढीला नाही म्हणणं त्याच्याच्याने झालं नाही. शामशिदीनने डोळे बारीक करून ओळ दोनदा वाचली.

"तुम्ही वर कधी गेला होतात?"

पाहुणा सांगू लागला, की गुडघा दुखतो, मागच्या पाहणीतही हे फूल सापडलं नव्हतं, आणि तसंही नियमाप्रमाणे फुललेली झाडंच मोजायची, ती आता कितीशी असणार.

"कितीशी ते मोजूनच कळेल," शामशिदीन म्हणाला आणि उठला. जेवण आटोपल्यावरची दुआ म्हटली नाही. ती न म्हणता तो उठलेला सासूने आजवर पाहिला नव्हता.

उतारावर गरम वारा सुटला होता. म्हाताऱ्याने मेंढ्यांचा दोर ताणून धरला. पाहुणा कण्हत गुडघ्यांवर बसला आणि दोराच्या कडेने मोजत सरकू लागला. केंजेकान पाठ करून, सोबत आणलेल्या बाळाला पाजत होती, तरी तिचा कान आकड्यांवर होता. फुललेली तीनशे अकरा. बोंडं धरलेली त्याने सोडून दिली, तेव्हा ती तशीच, बाळ छातीशी, त्याच्यापुढे येऊन बसली. एक बोंड चुरडलं. राईहून बारीक काळं बी तिच्या तळव्यावर पडलं.

"हे मेलेलं आहे का, अगाय साहेब? शिकलेले आहात, सांगा."

तो परत दोराच्या टोकाला गेला आणि बोंडंही मोजू लागला. खाली गाडीचा भोंगा वाजला. शामशिदीनने दोर सोडला नाही. सुनेकडे न बघता एवढंच म्हणाला, की तुझं-माझं घरी गेल्यावर बघू.

मोजणी संपली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. एसेनकुलने घाम पुसला, पेन काढलं, 'नामशेष'वर आडवी रेघ ओढली आणि बाजूच्या फटीत बारीक अक्षरात 'अतिशय धोक्यात' असं लिहायला घेतलं.

"खाडाखोड नको," केंजेकान म्हणाली. "खाडाखोडीचा कागद कचेरीतून परत येतो, मला चार वर्षांत दोनदा आलाय. नवा घ्या."

"नवा गाडीत आहे."

"मग चला," ती म्हणाली, आणि बाळाला खांद्यावर टाकून त्याच्या आधी उतरू लागली.