छगनचा तळहात

छगन डाव्या हाताने भाकरी मोडत होता. भाकरी मोडेना, नुसती ताटलीत सरकत होती. उजवा हात त्याने मांडीखाली दडवला होता.

पितांबरने डब्यातून मान वर केली. "काय रे, उजवा हात घर इसरी उना का?"

"काही नही दाजी, जरा मुंग्या उन्यात."

"दखाड."

"मन्ही बहीनना हातनं भरीत शे, सुखे खाऊ द्या ना!"

पितांबरने हात ओढून घेतला. तर्जनीच्या मुळाशी एक ठिपका होता, बाभळीचा काटा टोचावा एवढा. रक्त नव्हतं. भोवतालची कातडी मात्र पांढुरकी आणि ताणलेली. पितांबरने डबा बाजूला ठेवला.

प्रकाशाजवळ तापीच्या काठी नव्या पुलाचं काम चाललं होतं. पुलाचा भार पेलायला जमिनीत खोलवर काँक्रीटचे गोल खांब ओततात, त्यांना पाइल म्हणतात. ओतताना माती मिसळलेलं कच्चं काँक्रीट वर येतं. तेवढं डोकं तोडून टाकायचं, पण आतल्या सळया शाबूत ठेवायच्या. त्यासाठी पोकलेनच्या हाताला साखळ्यांनी एक लोखंडी कडं टांगतात. कडं पाइलभोवती बसवलं की त्यातल्या छिन्न्या चहूबाजूंनी दाबत येतात, आणि अडकित्त्यात सुपारी फुटावी तसं काँक्रीट कडकन फुटतं. ही सगळी ताकद तेलाची. जाड रबरी पाइपांतून ते इतक्या दाबाने धावतं, की पाइपला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर बाहेर येणारी धार डोळ्यांना दिसत नाही. पण ती कातडी भेदून आत शिरते.

यंत्र पितांबर चालवायचा. साखळ्या अडकवणं, ग्रीस भरणं, माणसांना लांब ठेवणं हे छगनकडे. बायकोचा, रंजनाचा भाऊ म्हणून पितांबरने त्याला कामावर आणलं होतं आणि न कंटाळता शिकवलं होतं. टांगलेल्या कड्याखाली उभं राहायचं नाही. पाइपला हात लावायचा तर आधी यंत्र बंद, मग दांडे हलवून आत अडकलेला दाब सोडायचा, मगच हात. गळती शोधायची असेल तर काठीला बांधलेला पुठ्ठा पाइपसमोर फिरवायचा. धार असेल तिथे पुठ्ठ्यावर तेल उमटतं. छगन प्रत्येक वेळी मान डोलवायचा आणि म्हणायचा, "समजनं दाजी, आते परीक्षा ल्या."

सकाळी कडं पाइलला चावत असताना तो मागून ओरडला होता, "दाजी, पाइप गळस! आठे, वाकनं तठे!"

पितांबरने यंत्र थांबवलं, दाब सोडला, पाइप बदलला. वर शाबासकीही दिली. गळती नेमकी कुठे आहे हे याला कसं कळलं, एवढं विचारायचं राहून गेलं.

आता तो उठून केबिनकडे गेला. पुठ्ठा सीटमागे होता, तेलाचा एक डागसुद्धा नसलेला.

"हात फिरायीसन दखं?"

छगनने घास गिळला. "सवय शे ना दाजी. थेंब पडी ऱ्हायना व्हता, धार दिसेना. मंग..."

त्याची सवय साऱ्या गावाला ठाऊक होती. केळीच्या बागेत पानांखाली अंधारून येतं. तिथे ठिबकची नळी फुटली, की माणसं छगनला हाक मारत. तो वाकून नळीवरून तळहात फिरवत जाई, आणि पाणी हाताला लागलं की तिथेच सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधी. लहानपणापासून हेच.

"दुखत बी नही हो," तो म्हणाला.

"दुखत नही, तेच खराब शे. ऊठ."

"आखो दोन पाइल बाकी शेत. सांजले जासूत."

"ऊठ म्हनस ना!"

पितांबरचा आवाज कधी चढत नसे. छगन उठला.

साइटवरच्या ललित इंजिनिअरने काही न विचारता जीप दिली. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी पितांबरचं सगळं ऐकून घेतलं, ठिपका बॅटरीने पाहिला. "कधी झालं हे?"

"सकायले," छगन म्हणाला.

डॉक्टरबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तेल आत पसरत जातं. हात उघडून धुवावा लागेल, आणि ते इथे होणार नाही. हाताचे सर्जन सुरतला आहेत. मी फोन करते, तुम्ही निघा. हात उंच धरून ठेवा." त्यांनी इंजेक्शन दिलं आणि जीपपर्यंत सोबत आल्या. त्यांच्या हातात तेवढंच होतं.

जीपमध्ये पितांबर छगनचं मनगट वर धरून बसला.

"दाजी, मास्तरनी प्रश्न इचारा नि मीच हात वर कया, असं वाटी ऱ्हायनं," छगन हसला. "उत्तर मातर येत नही."

नंदुरबार मागे पडलं तेव्हा तो हसायचा थांबला. बोटं फुगून एकमेकांना टेकली होती.

नवापूरच्या अलीकडे रस्त्यावर उसाची ट्रॉली उलटली होती. पुढे गाड्या, मागे गाड्या. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून पाहिला आणि मग सोडून दिलं.

"बहीनले नका सांगा," छगन दात आवळून म्हणाला. "ती रडी."

पितांबरला बसवेना. तो उतरून ट्रॉलीपर्यंत पळत गेला. तिथे माणसं ऊस उचलून कडेला टाकत होती. तोही कवेत मावेल तेवढा ऊस उचलून फेकू लागला. रस्त्यावरचा ढीग कमी झाल्यासारखा दिसेचना. मग एकदम त्याला आठवलं, की आपण हात सोडून आलो. तो तसाच परत धावला.

छगन डोळे मिटून बसला होता. स्वतःचा उजवा हात त्याने डाव्या हाताने वर धरला होता.

सुरतच्या सर्जनने हात वाचवला. तर्जनी काढावी लागली, आणि तळहातातली जाण गेली ती परत आली नाही.

उन्हाळा लागला. रंजनाने भावासाठी डबा दिला, तो घेऊन पितांबर बागेत गेला. मोटार चालू होती. केळीच्या सावलीत छगन वाकून चालत होता, नळीवरून उजवा तळहात फिरवत. पितांबर बांधावरच थांबला. एका जागी पाण्याची बारीक धार छगनच्या तळहातावर आपटली, मनगटावरून निथळली. छगन तसाच पुढे गेला.

ओळ संपली तेव्हा तो ताठ झाला. "आवाज येस दाजी," तो म्हणाला, "पन सापडत नही. कोठे शे?"

पितांबर पाचोळ्यातून आत गेला, खाली बसला आणि भोकावर अंगठा दाबला.

"आठे."

छगन मागे आला. त्याने खांद्यावरची ट्यूबची पट्टी ओढली, एक टोक दातांत धरलं आणि डाव्या हाताने नळीभोवती गुंडाळू लागला. पट्टी सुटली. त्याने पुन्हा धरली.

गाठ बसेपर्यंत पितांबरने अंगठा हलवला नाही.