न फेकलेली फेक

"सर, स्क्रीनला गुण किती?"

हे विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी शिडीशी लावली होती. पैज कसली, "तुझी हिंमतच नाही," एवढंच त्या म्हणाल्या आणि शिडीला तेवढं पुरलं. शाळेच्या बास्केटबॉल संघात सगळ्यांत उंच म्हणून पडलेलं हे नाव पूर्वी तिला बोचायचं. यंदा मात्र ती ते तोऱ्यात मिरवत होती.

कोचसरांनी तोंडातली शिट्टी काढली. "शून्य, बाईसाहेब. स्क्रीन म्हणजे खांब व्हायचं. समोरची तुला अडखळते, कॅप्टन मोकळी सुटते. हललीस, तर फाऊल तुझा."

"म्हणजे धक्के मी खायचे आणि टाळ्या तिला?"

"खांबालाही टाळ्या ऐकू येतातच की!"

पोरी खिदळल्या. शिडीही हसली, कारण तिला पुढचं ठाऊक होतं. धडक खाऊन झाली की खांबाने गर्रकन वळायचं आणि थेट बास्केटखाली पळायचं. याला रोल म्हणतात, आणि तिथे पास मिळतो. कॅप्टन तर तिची चौथीपासूनची मैत्रीण. "निवडीच्या दिवशी शेवटचा पास तुलाच, शप्पथ," असं ती गळ्याला हात लावून म्हणाली होती. जिल्ह्याच्या संघात जायचं, तर गुणपत्रकात नावापुढे काहीतरी हवंच. स्क्रीनला तिथे रकानाच नव्हता.

निवडीच्या दिवशी शिडीने अकरा स्क्रीन लावल्या. खांदा काळानिळा झाला, नावापुढे शून्यच. शेवटच्या मिनिटाला ती बारावी धडक खाऊन वळली आणि बास्केटखाली पोचली. आसपास चिटपाखरू नव्हतं. तिने हात उंचावला. "दे!"

कॅप्टनने तिच्या डोळ्यांत डोळे घातले. चेंडू पाससाठी उचलला. बचाववाल्या दोघी शिडीवर धावून आल्या आणि कॅप्टनने जागच्या जागी उडी मारून स्वतःच बास्केट केली.

याला फेक म्हणतात. घरी, दारी फेक म्हणजे फेकणं. बास्केटबॉलमधली फेक इंग्रजी, म्हणजे फेकल्यासारखं करून न फेकणं.

"अगं, तू इतक्या मनापासून हात वर केलास, म्हणून तर त्या फसल्या!" कॅप्टनने तिला मिठी मारली. "फेक करावी तर तुझ्यासारखी!"

"मी फेक करत नव्हते," शिडी म्हणाली. पण मिठी तोवर दुसरीकडे गेली होती.

यादीत कॅप्टन पहिली. शिडी राखीव. "कॅप्टनला स्क्रीन लावायला कुणीतरी लागेलच," सर म्हणाले.

आई-बाबा एकाच शिंप्याच्या कारखान्यात होते. बाबा कोट बेतायचे, आई त्या कोटांना अस्तर लावायची. जेवताना शिडीने सगळं समजावलं. मिठाची बरणी कॅप्टन, पाण्याचा पेला ती, दोन चमचे बचाववाल्या. पेला वळला, बरणी जागची हलली नाही.

"राखीव का होईना, गेलीस ना!" बाबा म्हणाले. "मी कारखान्यात सगळ्यांना सांगून बसलोय."

आईने पेला उचलून परत जागेवर ठेवला. "अस्तर कुणाला दिसतं, बाळा? पण त्याशिवाय कोट बसत नाही. इतकी वर्षं तेच करतेय मी."

"आणि कोटावर नाव कुणाचं असतं, आई?"

बाबांनी उगीच चमचे सरळ केले.

"तर आता ऐका दोघंही," शिडी उभी राहिली. "मी राखीव म्हणून जाणार नाही. सरांना तशी चिठ्ठी देऊन आलेय. उद्यापासून पाण्याच्या टाकीमागच्या क्लबात खेळणार. पुढच्या महिन्यात त्यांचा सामना आमच्या शाळेशीच आहे. सर म्हणतात, बचाव करताना डोळ्यांकडे बघू नका, कमरेकडे बघा, कमरेला फेक जमत नाही. कॅप्टन समोर आली ना, की मी तिच्या डोळ्यांकडे बघणारच नाही."