पाणी न पाहिलेली पाणबुडी

टिंग. माझ्या पोटात कुठेतरी एक चमचा पडला.

शेडमध्ये त्या वेळी अगदी शांतता होती. सुतारकाकांनी माझा शेवटचा स्क्रू पिळून "झाली" एवढंच म्हटलं होतं, आणि सगळे साहेब गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे पाहत उभे होते. चमच्यामागोमाग एक झाकण घरंगळलं आणि माझ्या स्वयंपाकघरातून एक लांबलचक माणूस डोकं चोळत बाहेर आला.

"ओटा छान आहे," तो म्हणाला. "छत तेवढं जरा लवकर येतं."

मित्रांनो, माझ्याबद्दल मी ऐकलेलं पहिलं मत ते हे. आता माझं वय झालं, पण मी आहे एक लढाऊ पाणबुडी. घाबरू नका, मी प्लायवुडची आहे. माझ्या एका कोपऱ्यावर कधीकाळी चहा सांडला होता, तो कोपरा अजून फुगलेला आहे. समुद्रात माझं काय झालं असतं ते तुम्हीच समजून घ्या.

खरी पाणबुडी पोलादाची असते. पोलाद एकदा जोडलं की "अरेच्चा, इथे दार हवं होतं" म्हणून भागत नाही. म्हणून आधी माझ्यासारखी एक खोटी, पण बरोबर खऱ्या मापाची पाणबुडी लाकडात करतात. माणसं आत शिरतात, वाकतात, आपटतात आणि काय चुकलं ते सांगतात. ज्याला टेंगूळ येईल त्याची सूचना आधी लिहून घ्यायची, असा आमच्याकडे रिवाजच होता. तो लांबलचक माणूस जहाजावरचा आचारी. सगळे त्याला उंट म्हणत. तो मावला की सगळे मावले, म्हणून त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

माझे आराखडे काढले ते ताईंनी. तेव्हा त्यांना दिवस गेले होते. रोज माझ्या गोल दारातून आत येत, प्रत्येक खिळ्याची विचारपूस करत. मग एके सकाळी त्या दारात थांबल्या. दाराकडे पाहिलं, स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "काका, आजपासून टेप तुम्हीच आत धरा."

ताईंचा एकच हट्ट होता. प्रत्येक खलाशाला झोपायला स्वतःची बर्थ हवी. पूर्वी तशी पद्धत नव्हती. तिघांत दोन बर्थ. एक कामावर जायला उठला की दुसऱ्याने त्याच्याच घामट, गरम गादीवर आडवं व्हायचं. पण त्याच जागेवर टॉर्पेडो खात्याच्या साहेबांचा, आमच्या टॉर्पेडोसाहेबांचा, डोळा होता. त्यांना तिथे आणखी दोन टॉर्पेडो ठेवायचे होते.

"झोप काय, माणसाला उभ्यानेही लागते," ते म्हणायचे. "टॉर्पेडो उभा ठेवता येत नाही."

माझी लांबी ठरलेली. एकाला वीतभर दिली की दुसऱ्याची वीतभर गेलीच. आणि माझ्या आतल्या भिंती नुसत्या स्क्रूवर. त्यामुळे प्रत्येक खात्याचा कुणी ना कुणी संध्याकाळी हळूच यायचा. "काका, वीतभर सरकवा की. कुणाला कळतंय?" काका सरकवायचे. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या खात्याचा यायचा. काका परत सरकवायचे. "मी सगळ्यांचं ऐकतो," ते मला थोपटत म्हणायचे. "हिचं कुणी ऐकत नाही."

शेवटचा शब्द मात्र खरेदी समितीचा. समिती यायची, बिस्किटं खायची आणि प्रश्न विचारून जायची. अध्यक्ष निवृत्त झाले की नवे अध्यक्ष पहिल्यापासून सुरुवात करत. शेगडीचं झाकण डावीकडे उघडावं की उजवीकडे, यावर चर्चा सुरू झाली तेव्हा ताईंची लेक पाळण्यात होती. ती रांगली, चालली, बोबडं बोलली, बडबडू लागली. झाकण अजून ठरत होतं.

आणि मग बर्थचा निकाल लागायचा दिवस आला. त्या दिवशी जे लिहिलं जाईल, तसंच पोलाद कापलं जाणार होतं. ताई सकाळपासून ओढणीचं टोक पिळत होत्या.

टॉर्पेडोसाहेब खुशीत होते. आदल्याच संध्याकाळी त्यांनी काकांकडून भिंत वीतभर बर्थच्या बाजूला सरकवून घेतली होती. आता त्यांचे दोन पुठ्ठ्याचे टॉर्पेडो कसे ऐसपैस पहुडले होते.

"बर्थ कमी केल्याने काही बिघडत नाही," ते समितीला म्हणाले. "मी स्वतः झोपून दाखवतो."

ते आत सरकले. कुशीवर वळले. गुडघे भिंतीला लागले, पाठ दुसऱ्या भिंतीला.

"उत्तम," आतून आवाज आला.

"मग या बाहेर," अध्यक्ष म्हणाले.

"येतो."

कुणीच आलं नाही.

"येताय ना?"

"येतो म्हटलं ना." मग थोड्या वेळाने, "भिंत जरा पुढे आली आहे."

"कालच आली साहेब," काका म्हणाले. "तुम्हीच बोलावलीत."

काका पेचकस आणायला गेले. समितीने तिथेच उभ्याउभ्या चहा घेतला. उंटाने साहेबांच्या तोंडाजवळ बिस्कीट धरलं. ताई बर्थजवळ वाकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "साहेब, इथे पोरांना महिनोन्‌महिने काढायचे आहेत. प्रत्येकाला एक बर्थ, असं लिहू का?"

आतून गुडघा भिंतीवर आपटल्याचा आवाज आला.

"लिहा," साहेब म्हणाले. "आणि वीतभर लांब लिहा."

मित्रांनो, पुढे माझ्यावरून खरी पाणबुडी झाली. तिला पाण्यात सोडायला बँड होता, हार होते, भाषणं होती. मला कुणी नेलं नाही. कसं नेणार म्हणा. पण उंटाने तिच्या पहिल्या सफरीवरून बंदरावर परतल्यावर ताईंना फोन केला होता. बर्थवर पाय सरळ होतात, म्हणाला. ताई फोन ठेवून माझ्या दारात कितीतरी वेळ बसल्या होत्या.

आता ही शेड दुसऱ्या कामाला हवी आहे. मला मोडणार आहेत. माझी तक्रार नाही, फक्त पहार घालू नका. स्क्रू उलटे फिरवा, फळ्या धड निघतील, कुठल्याशा शाळेची बाकं होतील. आणि घरात कुणी दमून आलं तर जरा सरकून त्याला जागा द्या. वीतभर सरकल्याने काय होतं ते मी जन्मभर पाहिलं आहे.

आज ताई लेकीला मला दाखवायला घेऊन आल्या. ती बुटांसकट बर्थवर चढून आडवी झाली.

"सगळे काका इथे झोपतात?"

"हो. ज्याची त्याची आपली जागा. झोपलेल्याला कुणी उठवायचं नाही." ताईंच्या आवाजात तो जुना हट्ट होता.

लेकीने शेजारच्या पुठ्ठ्याच्या टॉर्पेडोवर हात फिरवला. "आणि हा?"

"तो सोडतात. लांब. दुसऱ्या पाणबुडीवर."

"तिकडच्या काकांनाही आपापली बर्थ असते?"

"असेल की."

लेक छताकडे बघत पडून राहिली.

"मग हा जातो तेव्हा ते झोपलेले असले तर?"