सरकतं दार

चंद्रभागाबाईंचं डोकं फिरलं ते सुताराच्या तोंडून सहज निघालेल्या एका वाक्यानं.

आदिलाबादेतल्या त्यांच्या घरात पाच दिवसांपासून चंपतराव सुताराचं काम चाललं होतं. बाई सरकारी शाळेत मास्तरीण होत्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या. नवरा धम्मपाल तहसिलीत कारकून होता. त्याला जाऊन आता सहा वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा हर्षदीप हैदराबादेत एका कंपनीत नोकरीला. मागच्या महिन्यात तो घरी आला तेव्हा पलंगाएवढा टीव्ही घेऊन आला आणि भिंतीवर लावायची वेळ आली तेव्हा बघतच राहिला. खिडकीतून आलेली केबल, इंटरनेटच्या डब्याची वायर, खालचा एक्स्टेंशन बोर्ड, सगळ्यांचा एकच गुंता. आपण इथं भिंतभर कपाट करून घेऊ, एकही वायर दिसणार नाही, असं म्हणून तो परत गेला आणि तिकडून त्यानं चित्रं थेट चंपतरावांच्या मोबाइलवर पाठवली.

बाईंना बेत आवडला होता. नवऱ्यानं जमवलेली पुस्तकं चार पेट्यांत पडून होती, त्यांना जागा मिळणार होती. गुडघे वाकत नाहीत म्हणून गोधड्यांचे खण खाली न करता कमरेच्या उंचीवर घ्या, हे त्यांनी स्वतः सांगितलं. चंपतराव मूळचे बेला गावाकडचे, हात साफ असलेला माणूस. त्यांनी भिंतीत खाच मारून पाइप टाकला, सगळ्या वायरी त्यातून ओढल्या आणि टीव्हीच्या मागे चार स्क्रूंवर बसणारी एक फळी ठेवली. उद्या कुठं बिघाड झाला तर सगळं कपाट फोडावं लागू नये म्हणून. बाई दिवसातून तीनदा चहा करून देत आणि रंधा चालताना बघत बसत.

टीव्हीच्या उजव्या अंगाला एक खोल कोनाडा होता, बाबासाहेबांच्या फोटोसाठी. त्याला वरून बारीक दिवाही होता. तो पाहून बाईंना पोराचं कौतुक वाटलं होतं.

सहाव्या दिवशी चंपतराव त्या कोनाड्याला खाली आणि वर पट्ट्या स्क्रूनं बसवू लागले.

"हे कायले?" बाईंनी विचारलं.

"दार बसवून राह्यलो. सरकतं. हर्षदीपसाहेबानं सांगतलं न."

"फोटोवर दार?"

"पाहुणे आले का ओढून घेता येते म्हने," चंपतराव म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांचा हात थांबला. बाईंच्या तोंडाकडे न पाहता ते खिळ्यांच्या डब्यात काहीतरी शोधू लागले.

बाई उठल्या. आत जाऊन मोरीत तोंड धुतलं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी बेल्यात त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली होती. हर्षदीप तेव्हा पोटात होता. दार उघडं असलं की रस्त्यावरून समोरच्या भिंतीवरचा हा फोटो दिसे. आठव्या दिवशी घरमालक आला. तुम्ही माणसं चांगली आहात, पण फोटो आतल्या बाजूला लावा, येणारेजाणारे विचारतात, असं तो अगदी गोड बोलून म्हणाला. धम्मपालनं त्याचं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "फोटो नाई हालनार. आमी हालतो." त्याच दुपारी त्यांनी बैलगाडीत सामान भरलं. गाडीवर फोटो मांडीत धरून चंद्रभागाबाई बसल्या होत्या, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत. ही गोष्ट हर्षदीपनं लहानपणी इतक्यांदा ऐकली होती की मधलं एखादं वाक्य राहिलं तर तोच सांगायचा.

बाईंनी पोराला फोन लावला. हर्षदीपनं आधी टाळाटाळ केली, मग सांगितलं. येत्या रविवारी ऑफिसचे पाच जण कुंटाल्याचा धबधबा पाहायला येणार होते. दुपारचं जेवण आपल्या घरी ठेवलं होतं. त्यात त्याचे वरचे साहेबही होते. फक्त दोन तासांचा प्रश्न आहे, आई; गेले की दार उघडायचं. शिवाय दारानं धूळही बसत नाही.

"धूळ मी रोज पुसते," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बाहेर येऊन त्यांनी चंपतरावांना पट्ट्या काढायला सांगितल्या. चंपतराव पेचात पडले. काम साहेबांनी सांगितलेलं, उद्या ते माझ्यावर चिडतील, तुम्ही मायलेक आधी ठरवा, असं ते चाचरत म्हणाले. बाईंनी त्यांच्या पिशवीतून पेचकस उचलला, गुडघ्यांची पर्वा न करता स्टुलावर चढल्या आणि वरच्या पट्टीचा पहिला स्क्रू फिरवू लागल्या. दुसऱ्या स्क्रूला पेचकस सटकला आणि अंगठ्यातून रक्त आलं. तेव्हा चंपतरावांनी निमूटपणे त्यांच्या हातातून पेचकस घेतला आणि उरलेले स्क्रू स्वतः काढले. जाताना म्हणाले, "बाई, मले इचारायला पायजे होतं तुमाले." बाईंना त्यांच्यावर राग धरता आला नाही. सगळा राग एकाच माणसासाठी राखून ठेवला होता.

शनिवारी दुपारी हर्षदीप आला. बॅग खाली ठेवायच्या आधीच त्यानं कोनाड्याकडे पाहिलं.

"दार कुठाय?"

"बसू नाई देलं."

तो सोफ्यावर बसला. समजावणीच्या सुरात बोलू लागला. तू इथं राहते, तुझ्या शाळेमुळं सगळे तुला ओळखतात. तिकडचं वेगळं असतं. लोक हसूनच बोलतात, पण एकदा कळलं की नजर बदलते. मी कामानं वर आलो आहे, मला कामानंच राहू दे.

"तिथं तू काय सांगतो? कोन आहे म्हून सांगतो?"

"काही सांगत नाई. कोणी विचारलं तर विषय बदलतो."

"तुझ्या बापानं बदलला होता का विषय?"

"बाबांचं सोड, आई. बाबांले फक्त खोली बदलायची होती."

बाई उठून उभ्या राहिल्या. एवढा आवाज त्यांनी वर्गातही कधी चढवला नव्हता. "फक्त खोली? सातवा महिना होता मले. त्या राती शाळेच्या वऱ्हांड्यात झोपलो आमी. अन् तू माह्याच घरात, माह्याच भिंतीवर त्या घरमालकाचं काम करून राह्यला? तो तरी परका होता. पाहुणे आले का मलेबी आत कोंड मंग. माह्या तोंडावरूनबी कळते न, मी कोन आहो ते?"

हर्षदीपचं तोंड उतरलं. तो उठून गच्चीवर निघून गेला. रात्री दोघं वेगवेगळे जेवले.

तरीही रविवारी पहाटे बाईंनी स्वयंपाकाला हात घातला. राग आपल्या जागी, पाहुणे आपल्या जागी. भरलेली वांगी, डाळभाजी, ज्वारीच्या भाकरी, शेवयांची खीर. हर्षदीप सकाळीच पाहुण्यांना घ्यायला गेला होता. दीड वाजता त्याचा फोन आला. धबधब्यावर उशीर झाला, सगळे दमलेत, आम्ही इकडेच हॉटेलात जेवून घेतो.

बाई म्हणाल्या, "बरं."

सात ताटं मांडलेली होती. त्यांनी ती एकेक करून उचलली आणि इतक्या जोरात फळीवर ठेवली की शेजारच्या रंजीताबाई काय झालं म्हणून डोकावल्या. काही नाही, बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या हातात खिरीचं भांडं दिलं. मग नव्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसल्या. डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, ते आलं नाही. कानशिलं नुसती तापून राहिली.

संध्याकाळी हर्षदीप एकटाच परत आला. बॅग भरायला म्हणून आत गेला तो स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहिला. सगळं अन्न झाकून ठेवलेलं होतं.

"जेवला का?" बाईंनी विचारलं. आवाज कोरडा होता.

"हॉटेलात बसलो होतो. घास नाई उतरला."

त्यांनी ताट वाढलं. तो खाली बसून जेवू लागला आणि दुसऱ्या भाकरीला हात घालताना खाली मान घालूनच बोलू लागला. दोन वर्षांपूर्वी त्यानं हैदराबादेत एक खोली भाड्यानं घेतली होती. टेबलावर बाबांचा आणि बाबासाहेबांचा, असे दोन छोटे फोटो ठेवले होते. मालकीणबाई पंखा बघायला आली, फोटो पाहिले आणि महिनाअखेर खोली रिकामी करा म्हणाली. भाचा येणार आहे, असं कारण. खोली पुढं पाच महिने तशीच रिकामी होती. तेव्हापासून त्यानं फोटो बॅगेतून काढले नव्हते.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तू म्हटलं असतं, बाबांसारखं काऊन नाई बोलला. मी नाई बोललो, आई. मी 'ओके मॅडम' म्हटलं."

बाईंनी त्याच्या ताटात आणखी एक वांगं वाढलं. अंगातला राग तसूभरही कमी झाला नव्हता. पण आता त्यात त्या न पाहिलेल्या बाईचा वाटा होता, तिच्या न आलेल्या भाच्याचा होता आणि स्वतःचाही थोडा होता. बैलगाडीची गोष्ट त्यांनी पोराला शंभरदा सांगितली. पण गाडीवर बसल्यावर धम्मपाल वेस ओलांडेपर्यंत रडत होता, हे कधीच सांगितलं नव्हतं. ते त्यांनी आज सांगितलं.

हर्षदीपनं मान वर केली.

निघताना तो पाया पडायला वाकला. बाईंनी आशीर्वाद दिला नाही. म्हणाल्या, "मी अजून रागात आहो. माहं सात मानसाचं अन्न तू पडू देलं. पुढच्या महिन्यात त्यायले घरी जेवाले आन."

"पाहतो, आई."

"पाहू नको. आन."

गुरुवारी त्याचा फोन आला. नव्या कपाटाचा फोटो त्यानं ऑफिसच्या ग्रुपवर टाकला होता, सगळ्या कपाटाचा, कोनाड्यासकट. आमच्या घरी जेवायला या, असं खाली लिहिलं होतं. दोघांनी काहीच लिहिलं नाही. साहेबांनी त्या महिन्यात वेळ नाही म्हणून कळवलं. दोघं जण येतो म्हणाले.

"साहेबाचं बोलनं कसं आहे आता?" बाईंनी विचारलं.

"कमी झालं," हर्षदीप म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "पन मी नाई हाललो, जागेवरच बसून राह्यलो."

बाईंचा राग पुन्हा उसळला. त्या साहेबाला समोर बसवून चार शब्द ऐकवावेत असं वाटलं. पण त्यांनी एवढंच विचारलं, की येणाऱ्या दोघांना तिखट चालतं का.