माझी चूक : ०.१० मिलिमीटर

मित्रांनो, मी एक जुना व्हर्नियर कॅलिपर आहे. मोजणं एवढं एकच काम मला येतं, म्हणून गोष्ट सुरू करण्याआधी टेबलावर काय काय होतं ते मोजून सांगतो. मॉडेल-किटची खोकी सात. त्यांत पूर्ण झालेलं मॉडेल एकही नाही. ब्रश अकरा, पैकी केस शाबूत असलेले सहा. गोंदाच्या बाटल्या तीन, कपड्यांचे चिमटे चोवीस, पॉलिश पेपरचे तुकडे बावीस, एक हातातलं ड्रिल मशीन, एक निळी वही आणि वहीवर आडवा पडलेला मी.

हे टेबल मस्कतमधल्या हमरियात, एका किराणा दुकानाच्या वरच्या घरात आहे. घर अमीन यांचं. अमीन मूळचे रत्नागिरीजवळच्या एका गावचे. आयटीआयमध्ये टर्नरचं, म्हणजे लेथवर धातू कातायचं, काम शिकले आणि पहिल्या पगारातून त्यांनी मला विकत घेतलं. त्याआधीचं मला फारसं आठवत नाही. तापलेलं पोलाद तेलात बुडवल्यावर होतो तो चर्र आवाज आठवतो, आणि अंगावर रेषा कोरल्या गेल्या ते आठवतं. मिलिमीटरचा पन्नासावा भाग मला दिसतो. तुमच्या डोक्यावरच्या एका केसाची जाडी मी सांगू शकतो.

अमीन मला घेऊन ओमानला आले आणि एकतीस वर्षं एकाच वर्कशॉपमध्ये लेथवर उभे राहिले. पंपाचे दांडे, बोटींचे शाफ्ट, विहिरींच्या मोटारींचे बुश, सगळं माझ्या जबड्यांतून गेलं. त्या वर्षांत माझं कौतुकही झालं. "अमीनचा माल दुसऱ्यांदा तपासायला लागत नाही," असं फोरमन म्हणायचा, आणि त्यातला निम्मा वाटा मी माझा धरायचो.

नवव्या वर्षी मी लेथवरून सिमेंटच्या फरशीवर पडलो. माझी छोटी पट्टी जागची किंचित सरकली. तेव्हापासून माझे जबडे पूर्ण मिटले तरी मी शून्य दाखवत नाही, ०.१० मिलिमीटर दाखवतो. म्हणजे खऱ्या मापापेक्षा माझं माप नेहमी ०.१० ने जास्त. फोरमनने मला भंगाराच्या डब्यात टाकलं. अमीननी मला बाहेर काढून पुसलं आणि ते म्हणाले, "चुकतो खरा, पण रोज तेवढाच चुकतो. असा माणूस मला एक दाखवा."

पुढे वर्कशॉपमध्ये आकडे उजळणारे डिजिटल कॅलिपर आले आणि मी अमीनच्या घरी या टेबलावर आलो. मला याचं वाईट वाटलं नाही. इथे काम कमी नव्हतं.

आता खोक्यांविषयी. एक लाकडी गलबत आहे, खऱ्याच्या पन्नासाव्या भागाएवढं. दोन विमानं आहेत, एकाला पंख आहेत पण चाकं नाहीत, दुसऱ्याचं उलट. एक वाफेचं इंजिन, एक दीपगृह, एक पाण्याचा टँकर आणि एक हेलिकॉप्टर. प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी चिकटवलेली: 'गोंद लावला, मंगळवार रात्री ८. बुधवार ८ पर्यंत हात लावू नये.' बघणाऱ्याला हा पसारा वाटतो. मला तो वाटत नाही, कारण मी त्यांची पद्धत पाहिली आहे. वर्कशॉपमध्ये अमीन दोन लेथ एकदम चालवायचे, एकावर लांब काप लागला की दुसऱ्याकडे वळायचे. इथेही तेच. गलबताचा गोंद सुकतो आहे तोवर इंजिन घासायचं, इंजिनाचा रंग वाळतो आहे तोवर दीपगृहाच्या खिडक्या. त्यांचा हात मोकळा बसलेला मी कधी पाहिला नाही.

लोक मात्र मोजतात ते पूर्ण झालेलं. अमीन यांचा मेहुणा नुमान ओमानमधल्याच रुस्ताक गावी दुकान चालवतो. तो आला की टेबलाकडे बघून ठरलेलं बोलायचा, "दुल्हाभाई, सात घरं मांडलीत, एकावर पण छप्पर नाय."

"गोंदाला चोवीस तास लागतात," अमीन म्हणायचे. "तेवढा वेळ तुझं तोंड बघत बसू काय?"

"एकच घ्यायचं, पुरं करायचं, मग दुसरं. साधी गोष्ट."

"तू दुकानात एकच बरणी मांडतोस काय रे? ती खपली की दुसरी?"

यावर हाफिजा, म्हणजे अमीन यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "भांडा तुम्ही. ह्या टेबलावर मला एकदा पण भाकरी थापायला मिळाली नाय, ते कोण बोलत नाय."

या हिवाळ्यात अमीन निवृत्त झाले. घर कंपनीचं, ते महिनाअखेरीला सोडायचं होतं. अमीन आणि हाफिजा कायमचे गावी जाणार होते. त्यांची मुलगी मुनिबा मस्कतमध्येच राहणार होती. ती रत्नागिरीच्या कॉलेजात फिजिक्स शिकून गेल्या वर्षी परत आली, आणि सिमेंटच्या ठोकळ्यांची ताकद तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी करते. सामान गावी धाडायला कार्गोच्या गोदामात पोचवायचं होतं, त्यासाठी नुमान पिकअप घेऊन येणार होता. त्याचा सल्ला होता की पूर्ण झालेलं मॉडेल असेल तर दुकानात काचेच्या कपाटात मांडतो, बाकी इथेच टाकून द्या. अमीन म्हणाले होते की सातही खोकी गावी येतील, जशी आहेत तशी. मला ते ऐकून बरं वाटलं. भंगाराच्या डब्यातून मीही जसा होतो तसाच बाहेर आलो होतो.

मग डोलकाठीचं प्रकरण झालं.

गलबताच्या किटबरोबर आलेली डोलकाठी एसीच्या वाऱ्यात केळ्यासारखी वाकली होती. नवीन करायची होती. बुधवारी संध्याकाळी मुनिबाने मला हातात घेतलं, डेकमधल्या भोकाचा व्यास मोजला आणि निळ्या वहीत लिहिलं: 'भोक ६.००.' बापलेकीचं काम असंच चालायचं. ती संध्याकाळी, ते सकाळी, आणि मध्ये वही.

गुरुवारी सकाळी ती कामाला गेल्यावर अमीननी लाकडाची काडी ड्रिलमध्ये बसवली, ड्रिल टेबलाला आवळलं आणि फिरत्या काडीवर पॉलिश पेपर धरला. दर अर्ध्या मिनिटाला थांबून ते मला लावून बघायचे. ६.२०. ६.१२. ६.०६. शेवटी बरोबर ६.००. तीन दिशांनी मोजलं, तिन्हीकडे ६.००. ते हसले, काडी डेकच्या भोकात बसवली आणि हात सोडला.

डोलकाठी एका बाजूला कलली.

त्यांनी सरळ केली. ती दुसऱ्या बाजूला कलली. त्यांनी मला उभा धरून टोकाचा कल मोजला, ७ मिलिमीटर. चष्मा पुसला, पुन्हा मोजला, पुन्हा ७. मग ते आपल्या उजव्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले. बोटं किंचित थरथरत होती. साठाव्या वर्षी कोणाचीही थरथरतात, पण त्या दिवशी त्यांनी त्याचा वेगळा अर्थ लावला.

त्यांनी डोलकाठी चिमट्यांच्या डब्यात टाकली, गलबत खोक्यात ठेवलं आणि फोन उचलला. "नुमान, उद्या येशील तेव्हा सातही खोकी घेऊन जा. कोणाला हवी तर दे. नायतर टाक."

पलीकडून नुमान काहीतरी म्हणाला.

"काय नाय झालं. हात गेला माझा. खलास."

मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी तेव्हाच बोललो असतो. इतकी वर्षं मी तो हात पाहिला आहे. तो हात गेला नव्हता. पण मला फक्त आकडे दाखवता येतात, तेही कोणी मला उचललं तरच.

शुक्रवारी सकाळी मुनिबा वाळत घालायच्या कपड्यांसाठी चिमटे घ्यायला आली. डब्यात तिला डोलकाठी सापडली.

"अम्मी, ही काठी इथे का?"

"बिघडली म्हणे," हाफिजा म्हणाल्या. "काल दुपारपासून नीट जेवले नायत. तुझे मामू दुपारी खोकी न्यायला येतायत. तू काय विचारू नको त्यांना."

मुनिबाने विचारलं नाही. तिने मोजलं. बुड तीन दिशांनी माझ्या जबड्यांत धरलं: ६.००, ६.००, ६.००. तिच्या कपाळावर आठी पडली. कच्च्या हाताने केलेली काठी अशी गोल नसते. तिच्यात कुठेतरी पाच-सहा शतांशांचा फरक येतोच. मग कॉलेजात शिकवलेली सवय म्हणून तिने माझे जबडे मिटवले आणि मला खिडकीच्या उजेडात धरलं. ०.१०. ती पुटपुटली, "म्हणजे खरी ५.९०." तिने वही उघडली आणि स्वतःच्या अक्षरातल्या ६.०० वर बोट ठेवून ती खुर्चीत बसली.

अमीन पलीकडच्या खोलीत मशिदीत जायचे कपडे घालत होते.

"अब्बा, वहीतला सहाचा आकडा तुम्ही कसा घेतला?"

"कसा म्हंजे? व्हर्नियरने सहा दाखवेपर्यंत घासली."

"मी त्यातून शून्याची चूक वजा केली होती. व्हर्नियरने ६.१० दाखवलं होतं."

अमीन दारात येऊन थांबले. "तुला लहानपणी काय शिकवलं होतं? व्हर्नियर दाखवेल ते लिही. भोक पण त्याच्यानेच मोजायचं, काठी पण त्याच्यानेच. चूक दोन्हीकडे सारखी, मधल्या मधे उडून जाते."

"कॉलेजात सांगतात, वजा करून खरं माप लिहा. आजवर मी लांबीच मोजत आले, तिथे ०.१० ने काही अडलं नाही."

"आणि मला सांगितलं नाय."

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार. तुम्हीच तर म्हणता, हा रोज तेवढाच चुकतो." तिने काठी त्यांच्यासमोर धरली. "तीन मिलिमीटर जाड डेक, दोनशे दहा मिलिमीटर उंच काठी, भोकात ०.१० ची ढिलाई. गणित केलं तर टोक सात मिलिमीटर कलायला पाहिजे. तुम्ही मोजलंत?"

"सात," अमीन म्हणाले. त्यांनी काठी हातात घेऊन बुडाशी बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हंजे जेवढं सांगितलं तेवढंच केलं मी."

"तेही शतांश मिलिमीटरपर्यंत अचूक. आमच्या लॅबमध्ये कोणाला जमणार नाही."

"मस्का नको लावू. दुसरी काडी काढ. नमाजाहून आलो की बसतो."

दुपारी नुमान रिकामी खोकी आणि दोरी घेऊन वर आला, तेव्हा ड्रिल गरगरत होतं आणि टेबलावर लाकडाची पिवळी भुकटी पसरली होती.

"दुल्हाभाई, द्यायची म्हणालात ना?"

"म्हणालो होतो. आता नाय म्हणतो."

"मग एखादं पुरं झालं?"

"एक पण नाय." अमीननी ड्रिल बंद केलं नाही. "सात अर्धवट आहेत, सातही येणार. रुस्ताकला तुझ्या काचेच्या कपाटात तू स्वतः बस. तू पुरा झालेला आहेस."

"पिकअपमध्ये जागा नाय," नुमान म्हणाला, पण हसत.

"मग पंखा ठेव इथे. तिथे गोंद सुकायला पण चोवीस तासच लागतात."

"गावच्या दमट हवेत तीस लागतील," हाफिजा दारातून म्हणाल्या. "आणि टेबल पण घ्या. पंखा राहू दे, हे टेबल न्या. नायतर हा पसारा माझ्या स्वयंपाकघरात मांडतील."

नुमानने दोरी खाली ठेवली. अमीननी त्याच्या हातात टॉर्च दिला. "उभा आहेस तर उजेड धर. हलवू नको."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखाद्या टेबलावर काहीतरी अर्धं पडलेलं असेल, आणि कोणीतरी ते उचलून टाकायला निघालं असेल. टाकू देऊ नका. आधी त्यावरची चिठ्ठी वाचा. ते पडलं आहे की सुकतं आहे ते बघा. आणि माझ्यासारखं जुनं, चुकणारं हत्यार हाताला लागलं तर त्याला भंगारात घालण्याआधी त्याची चूक मोजा, तो आकडा सगळ्यांना दिसेल असा लिहा, मग निर्धास्त वापरा. मी सरळ झालो नाही. मला व्हायचंही नाही.

मुनिबाने निळ्या वहीत नवं पान काढून तीन रकाने आखले. ड्रिल थांबलं. अमीननी मला उचललं, फिरून तीन दिशांनी मोजलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं:

डोलकाठी, बुड. दिसलं : ६.१०, ६.१०, ६.१०. चूक : ०.१०. खरं : ६.००, ६.००, ६.००.