माझ्या जाळीतला श

"पोरीला मूळकाकांसमोर प्रार्थनेला उभी करू नकोस बाई," बिट्टीच्या मावशीने बजावलं होतं.

बिट्टीच्या आईने ते उडवून लावलं. "अगं, सहा वर्षांची आहे ती. काका काय गिळणार आहेत का तिला?"

दोघी बहिणी चर्चच्या प्रार्थनाघरात खुर्च्या मांडत होत्या आणि माझं बटण चालू राहिलं होतं. ते 'गिळणार' रिकाम्या सभागृहात चांगलंच घुमलं.

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. वाचनपीठावर वाकड्या मानेने उभा असतो. कारखान्यातून आलो तेव्हा माझी जाळी लखलखायची, लोक मला मऊ फडक्याने पुसायचे. आता येता-जाता टपली मारतात आणि "हॅलो, हॅलो" म्हणतात. टपली बसली की मी कर्कश किंचाळतो. एवढा तरी दरारा हवाच ना!

बायबलातली नावं मी खूप ऐकली. आमचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, 'योहान' म्हणतात, एकदा आलेले पाहुणे 'युहन्ना' म्हणाले, एक खलाशी 'जॉन' म्हणाला. एकाच माणसाला तिघांनी तीन हाका मारल्या, पण कुणाचं काही अडलं नाही.

मग मूळकाकांनी घरी बसून जुन्या भाषांचा अभ्यास केला. मनापासून केला, हे मला मान्य आहे. पण त्यानंतर त्यांचं प्रत्येक वाक्य 'मूळ भाषेत' असं सुरू व्हायला लागलं आणि तेच त्यांचं नाव पडलं. "शिष्य पेत्र कसला? त्याच्या घरच्या अरामी भाषेत कैफा! येशू कसला? येशुआ म्हणा!" माझ्यासमोर उभं राहून ते हे बजावत, तेव्हा माझी तार ताठ व्हायची.

त्या रविवारी बिट्टी स्टुलावर चढली. आईची ही लेक. तिला 'श' येत नाही. शाळेला साळा म्हणते, शिट्टीला सिट्टी. तिचे बाबा मालवाहू जहाजावर कामाला आहेत. ती माझ्या अगदी जवळ आली आणि म्हणाली, "येसू, माझ्या बाबांचं जहाज सांभाळ."

"थांब बाळ," पहिल्या रांगेतून मूळकाका म्हणाले. "हाक चुकीची मारली तर ती पोचेल कशी?"

काही जण हसले. वाईट मनाने नव्हे, पण हसले. बिट्टी स्टुलावरून उतरली.

नंतर आई पाळकांशी बोलायला आली, तेव्हा पुढचं मला कळलं. बिट्टी घरात बोलेनाशी झाली होती. 'श' असलेला शब्द आला की ओठ घट्ट मिटायची. आणि समुद्रात वादळ असल्याची बातमी लागली, तेव्हा तिने विचारलं होतं, "आई, माझी हाक पोचली नाही म्हणून का गं?"

"आता मला सांगा," आई म्हणाली, "तिला मी काय उत्तर देऊ?"

पुढच्या सभेत मूळकाकांनी मागणीच केली. ज्यांचे उच्चार शुद्ध नाहीत, त्यांना माईकसमोर उभं करू नये. माझ्यासमोर! मला न विचारता!

आई तरातरा पुढे आली. तिने मला पीठावरून उचललं.

"काका, येशूच्या चरित्राची शुभवर्तमानं कुठल्या भाषेत लिहिली?"

"ग्रीकमध्ये."

"त्या भाषेत 'श' होता?"

"नव्हता. म्हणून त्यांनी 'ईएसूस' लिहिलं. पण मूळ..."

"म्हणजे 'स' लिहिला. मग माझी पोर त्या लिहिणाऱ्यांच्याच रांगेत बसते की!"

सभागृहात खसखस पिकली. काकांचे कान लाल झाले. "ताई, थट्टा नको. त्या नावाचा अर्थच 'देव तारतो' असा आहे. तो हरवू नये, एवढंच माझं म्हणणं."

"जो तारतो, तो एका 'श'साठी अडून बसेल? काका, बायबलच्या जुन्या करारात, नदी ओलांडायच्या उतारावर शत्रू ओळखायला लोकांना अडवून 'शिब्बोलेथ' म्हणायला लावलं होतं. ज्यांच्या तोंडून 'सिब्बोलेथ' निघालं त्यांचं काय झालं, ते तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"मारलं त्यांना," काका हळूच म्हणाले.

"मग तसला नाका इथे बांधायचा नाही. मी बांधू देणार नाही."

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक म्हातारी ओरडली, "अहो काका, तुम्ही इतकी वर्षं माईकवर 'येसुआ' म्हणता, तेव्हा आम्ही काही बोललो का?"

"मी 'येशुआ' म्हणतो!"

"आम्हाला मागे 'येसुआ'च ऐकू येतं!"

हो मित्रांनो, ते माझं काम. स आणि श माझ्या जुन्या जाळीतून एकाच फुसफुशीने बाहेर पडतात. पंडिताचा श असो की पोरीचा स, मी दोघांना एकाच मापाने मोजलं. याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

हशा ओसरला तेव्हा बिट्टी आईचा पदर धरून उभी होती. आईने मला खाली धरलं. तिने तोंड माझ्या जाळीला टेकवलं. मग एकच शब्द.

"बाबा."

मूळकाका उठून तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. "बाळ, येशू स्वतः प्रार्थनेत पित्याला 'अब्बा' म्हणायचा. मूळ भाषेत. तू म्हणालीस ते त्याच्या जवळचंच आहे. पोचतं."

जहाजाची खबर अजून आलेली नाही. बिट्टी बोलते, पण 'श' आला की अजून अडखळते. माझ्या जागी नवा माईक आणायचं चाललंय. खुशाल आणा. मला कपाटात टाकलंत तरी मी हेच म्हणेन, की हाक मारणाऱ्याला हाकेवरून हाकलू नका.

आणि मित्रांनो, तुमच्या वर्गात, शेजारच्या घरात एखादं मूल हल्ली गप्प झालंय का? एखादा शब्द टाळून बोलतंय का? आजच त्याच्याकडे जा. उच्चार दुरुस्त करू नका. नुसते शेजारी बसा आणि विचारा, "तुला काय सांगायचं होतं?"